पोकळीच्या चित्रातून भिंतीतल्या गाठीपर्यंत

मुलांच्या अन्ननलिकेत कर्करोग नसलेली गाठ फार क्वचित होते. त्यातली लिओमायोमा, म्हणजे गुळगुळीत स्नायूंची गाठ, डॉक्टरांना सर्वांत जास्त चकवते. याचं कारण तपासणीच्या इतिहासातच आहे: कितीतरी वर्षं आपल्याला फक्त नळीची पोकळी दिसत होती आणि ही गाठ तर वाढते भिंतीत.

1895 मध्ये राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच वर्षी हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन हंसाच्या लांब मानेतून घास उतरताना पडद्यावर पाहत होता. नळीची पोकळी क्ष-किरणांत दिसावी म्हणून सुरुवातीला बिस्मथचे क्षार पाजत. त्यातल्या एकाने विषबाधा होऊ लागली, तेव्हा 1910 च्या सुमारास बेरियम सल्फेट आलं. ते आजही वापरात आहे.

प्रौढांमध्ये ही गाठ बहुधा एकटी असते. बेरियमच्या पांढऱ्या पट्ट्याला एका बाजूने गुळगुळीत, चंद्रकोरीसारखी खाच पडते आणि ती ओळखू येते. मुलांमध्ये मात्र अनेकदा स्नायूचा थरच लांबवर, सगळ्या बाजूंनी जाड होतो. मग खाच दिसत नाही. नळी खाली चोचीसारखी निमुळती होते, वरचा भाग फुगतो, आणि चित्र हुबेहूब अ‍ॅकलेशियाचं, म्हणजे अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट सैल न होण्याच्या आजाराचं वाटतं. घास अडकणं, उलट्या, रात्रीचा खोकला, तक्रारीही त्याच. अशा मुलावर अ‍ॅकलेशियाचे उपचार झाले, तर दोष एकट्या फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरचा म्हणता येत नाही. भिंत त्या फिल्मवर नसतेच. अरुंद भाग नेहमीपेक्षा लांब असणं, एवढीच काय ती खूण.

1971 मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. तो मेंदूचा होता, पण पुढे याच तंत्राने छातीतल्या अन्ननलिकेच्या भिंतीची जाडी मोजता आली. एमआरआयमुळे किरणोत्साराविना तेच जमू लागलं. मुलांच्या बाबतीत ही सवलत मोठी आहे, पण लहानग्याला स्थिर ठेवायला बऱ्याचदा गुंगीचं औषध द्यावं लागतं. 1980 च्या दशकात दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफी आली आणि गाठ कोणत्या थरातून निघाली हेही दिसू लागलं.

1927 मध्ये आल्पोर्ट या डॉक्टरने मूत्रपिंडविकार आणि बहिरेपण घराण्यात एकत्र येत असल्याचं मांडलं होतं. एक्स गुणसूत्रावरच्या शेजारशेजारच्या दोन जनुकांचा तुकडा गळाला, तर त्याच आजाराबरोबर अन्ननलिकेचा स्नायूही असा पसरून वाढतो, हे 1993 मध्ये कळलं. म्हणून मुलाच्या स्कॅनमध्ये भिंत लांबवर जाड दिसली, की लघवीत रक्त जातं का, ऐकू नीट येतं का आणि आईला गिळताना त्रास होतो का, हेही विचारायला हवं.