सुवाह्य उपकरणांद्वारे लघुपट-वितरण
खिशात मावणारा व्हिडिओ प्लेअर, मोबाइल फोन, हातातला गेमिंग कन्सोल किंवा मेमरी कार्ड यांच्यामार्फत लघुपट थेट प्रेक्षकाच्या हाती देण्याची पद्धत. ऑस्करच्या नियमांनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो. एवढ्याशा चित्रपटासाठी वेगळे तिकीट लावणे चित्रपटगृहांना परवडत नसल्याने महोत्सव आटोपले की बहुतेक लघुपट कपाटात पडून राहत, आणि ही खरोखर हळहळण्याजोगी गोष्ट होती.

ऑक्टोबर २००५ मध्ये ॲपलने व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आणला. त्याचा पडदा अवघा अडीच इंचांचा, ३२० बाय २४० पिक्सेलचा होता. पण त्याच वेळी आयट्यून्स या ॲपलच्या ऑनलाइन दुकानात पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचे लघुपट प्रत्येकी १.९९ डॉलरला विक्रीस आले आणि एरवी मोठ्या चित्रपटाआधी फुकट दाखवल्या जाणाऱ्या कृतीला स्वतःची किंमत मिळाली. सोनीच्या पीएसपी या हातातल्या गेमिंग कन्सोलसाठीची १.८ जीबीची यूएमडी ही छोटी चकती मात्र स्वतंत्र निर्मात्यांच्या फारशी कामाची नव्हती, कारण तिच्यावर घरच्या घरी फाइल उतरवता येत नसे.

या वितरणाचे खरे कसब फाइल तयार करण्यात असते. एच.२६४ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीने, चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे ९०० किलोबिट धरले, तर दहा मिनिटांचा लघुपट ६७ एमबीच्या आसपास बसतो. याहून जास्त दाबल्यास अंधाऱ्या प्रसंगांत आधी चौकडे उमटतात. भिंतीवरची सावली गुळगुळीत न राहता पायऱ्या-पायऱ्यांची दिसू लागते. मोठ्या पडद्यासाठी बेतलेली उपशीर्षके तळहाताएवढ्या चौकटीत वाचता येत नाहीत, म्हणून ती मोठ्या अक्षरांत नव्याने बसवावी लागतात. ध्वनीचे मिश्रणही इअरफोन लावून तपासावे लागते.

इंटरनेट महाग वा तुटपुंजे असते तेथे ही पद्धत हातोहात चालते. क्यूबात ‘एल पाकेते सेमानाल’ या नावाने दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइटची डिजिटल सामग्री हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हवरून घरोघरी उतरवून घेतली जाते. अशा वाटेने गेलेल्या लघुपटाच्या प्रती किती झाल्या हे निर्मात्याला कळत नाही, मोबदलाही मिळत नाही. भित्तिपत्रक किंवा माहितीपत्रक फाइलबरोबर जात नसल्यामुळे दिग्दर्शकाचे नाव आणि संपर्क चित्रचौकटीतच, शक्यतो सुरुवातीला, कोरलेला असावा लागतो.