रामटेक ते नगरधन : एका पायवाटेची पार्श्वभूमी

नागपूरहून रामटेकला जाणारे बहुतेक लोक गडमंदिराचे दर्शन घेतात, अंबाळा तलावाच्या काठी थोडे थांबतात आणि दुपारपर्यंत परतीला लागतात. गडाच्या दक्षिणेला पसरलेल्या सपाट धानपट्ट्यात नगरधन हे गाव आहे, हे अनेकांना माहीत असते, पण तिकडे पायी जावे असे फार थोड्यांना वाटते. हे अंतर दीड-दोन तासांच्या चालण्याचे आहे. आज डांबरी रस्त्याने ते मिनिटांत संपते. पूर्वी मात्र रामटेकचा बाजार, यात्रा आणि कचेरी गाठायची ती पांदणीने (शेतांमधल्या गाडीवाटेने), धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) आणि तलावाच्या पाळीवरून. या वाटा कशा निर्माण झाल्या, कागदावर कशा आल्या आणि पायाखालून कशा निसटू लागल्या, याची ही पार्श्वभूमी आहे.

नगरधन म्हणजे विदर्भातील प्राचीन वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन आणि रामटेकचा डोंगर म्हणजे रामगिरी, ही ओळख आता अभ्यासकांमध्ये सर्वसाधारणपणे मान्य झालेली आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या निधनानंतर, मुले लहान असताना, येथून राज्यकारभार पाहिला. तिचे दोन ताम्रपट या वाटेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे वाटतात. पुणे ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे, तर ऋद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामींच्या पायांपाशी दिलेला आहे. आणि दोन्हींत दानाची तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी, म्हणजे प्रबोधिनी एकादशीच्या उपवासाचे पारणे फिटण्याचा दिवस आहे. राजधानी सपाटीवर आणि दैवत डोंगरावर असल्यामुळे या दोन ठिकाणांमधील ये-जा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीही नित्याची असली पाहिजे, हा निष्कर्ष मला तरी टाळता येत नाही. राणी आज दिसणाऱ्या वाटेनेच गेली असेल असे अर्थातच म्हणता येणार नाही, कारण वाट शेतांप्रमाणे सरकत असते. पण तिची दोन टोके मात्र जागची हललेली नाहीत. २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची, ब्राह्मी अक्षरे आणि शंखाची आकृती असलेली मातीची मुद्रा मिळाली. बोटाच्या पेराहून थोडी मोठी अशी ती वस्तू आहे, आणि तिच्यामुळे ताम्रपटांतील नाव प्रत्यक्ष नगरधनच्या मातीशी जोडले गेले.

रामटेकची यात्रा त्यानंतरही खंडित झालेली दिसत नाही. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरस्वामी पूर्वाश्रमी रामयात्रेच्या निमित्ताने गुजरातेतून निघाले आणि वाटेत ऋद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले. प्रभावतीगुप्तेचा रामगिरीचा ताम्रपट ज्या ऋद्धपूरला सापडला, तेच हे गाव. तेराव्या शतकात इतक्या दुरून लोक रामटेकच्या ओढीने निघत असतील, तर जवळच्या गावांतून डोंगराकडे येणाऱ्या वाटा किती रुळलेल्या असतील याचा अंदाज करता येतो. त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा आजही त्या द्वादशीनंतर तीनच दिवसांनी भरते. पुढे नागपूरकर भोसल्यांनी गडमंदिर परिसर आणि नगरधनचा किल्ला या दोन्ही ठिकाणी लक्ष घातले, आणि सध्या उभा असलेला किल्ला साधारणपणे त्यांच्याच काळातला मानला जातो.

वाटांचा लेखी इतिहास मात्र इंग्रजी अमलापासून सुरू होतो. १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींचे निधन झाल्यावर राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याच दशकातल्या जमाबंदीत सारा गोळा करणाऱ्या पाटलांना गावाची मालकी देण्यात आली. हेच मालगुजार. गावठाण, आखर (गुरे जमवण्याची जागा), तलाव, झुडपी जंगल आणि शेतांमधून जाणाऱ्या वाटा या सर्वांवर एका घराचा हक्क आला, पण गावाचे नित्याचे वहिवाटीचे व्यवहार एका घराच्या मर्जीवर सोडता येत नव्हते. म्हणून गावोगावच्या रूढी लिहून ठेवण्यात आल्या. त्या नोंदीला वाजिब-उल-अर्ज म्हणतात, आणि हा फारसी शब्द विदर्भातल्या तलाठ्याच्या तोंडी अजूनही आहे. कोणाच्या तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला (धानाच्या खाचराला) जाईल, गुरे कोठून नेली जातील, कोणाच्या धुऱ्यावरून कोण जाईल, असे प्रश्न त्यात येतात. विदर्भातील पायवाटेचे खरे दप्तर तेच, असे मला वाटते. कारण त्यात वाट ही जमिनीचा तुकडा म्हणून नव्हे, तर लोकांची सवय म्हणून लिहिलेली असते.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती आणि कायदा त्या राज्याने १९५० मध्ये केलेला होता. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. वाटाही सरकारकडे आल्या, मात्र तलावांना जसे एक नाव आणि एक खाते मिळाले, तसे वाटांना मिळाले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १९६६ मध्ये विदर्भाची ही रीत टिकवली: कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जमिनीची नोंद, आहे आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे, ज्यात वहिवाटीच्या रस्त्याचा हक्क स्पष्टपणे नमूद केलेला आहे. कलम १४३ खाली शेताच्या हद्दीवरून रस्ता मागता येतो आणि त्यावर तहसीलदार निर्णय देतात. असलेली वाट कोणी अडवली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडथळा काढून घेता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. रोवणीपासून धान घरी येईपर्यंतच यातले बहुतेक महिने निघून जातात, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

गाव नकाशावर गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवतात. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते, म्हणजे गुंठ्याच्या तेहेतीस फुटी बाजूचा बरोबर चौथा हिस्सा. प्रत्यक्षात मात्र इतकी रुंद पायवाट क्वचितच उरली आहे. पूर्व विदर्भात धुऱ्यावर तूर लावण्याची पद्धत आहे, आणि नांगरटीच्या वेळी दोन्ही बाजूंनी एक-एक तास, म्हणजे नांगराची रेघ, धुऱ्यात शिरत गेला की काही वर्षांत तिथे एकामागे एक चालण्यापुरतीच जागा राहते. यालाच धुरा कोरणे म्हणतात. मी स्वतः ज्या पांदणीने लहानपणी बैलबंडीत बसून गेलो, तिच्या तोंडाशी आता तारेचे कुंपण आहे, आणि त्या कुंपणाबद्दल गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ती पांदण कोणा एकाची नव्हती.

पांदण चालून पाहिली की तिचे वय लक्षात येते. बंडीच्या चाकांनी आणि गुरांच्या खुरांनी माती सुटत गेली, पावसाने ती वाहून नेली, आणि वाट दोन्हीकडच्या शेतांपेक्षा हात-दोन हात खाली गेली. म्हणून पावसाळ्यात तिचा नाला होतो आणि कार्तिकात तळाशी ओल व काठाला बोरी-बाभळी असतात. जितकी खोल, तितकी जुनी, असे म्हातारी माणसे सांगतात, आणि काळ्या मातीच्या भागात ते बरेचसे खरे वाटते. राज्य सरकारने २०२१ मध्ये शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, ती या चिखलावरचा उपाय म्हणून. भर घालून, मुरूम टाकून ट्रॅक्टर नेता येईल असा रस्ता होणे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे. फक्त पाणंद रस्त्याच्या यादीत गाडीवाट बसते आणि धुऱ्यावरची पायवाट सहसा बसत नाही.

पेंच प्रकल्पाच्या कालव्यांनी या पट्ट्याची जुनी चाल सर्वांत जास्त बदलली. पाणी आले, धान खात्रीचे झाले, आणि त्याचबरोबर कालव्याने जुन्या वाटा मधोमध तोडल्या. पूल तिथे बांधले गेले जिथे रस्ता होता. पायवाटेसाठी पूल कोण बांधणार? मग लोक पाटाच्या पाळीने पुढच्या पुलापर्यंत जाऊ लागले आणि पाळीवरच नवी वाट पडली. रामटेक-नगरधन परिसरात चालायचे असेल, तर गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून घेऊन निघावे. तुटक रेषा जिथे विनाकारण वळलेली दिसते, तिथे शेतात उभे राहून पाहावे. बहुधा जवळच बुजलेली विहीर, बोडीची (लहान तळ्याची) मोडलेली पाळ किंवा तोडलेल्या मोहाचे खोड सापडते, आणि धुऱ्यावरचे गवतही नेमके तिथेच वळलेले असते.