थर्माकोलच्या आधीची गोष्ट

डिसेंबर उजाडला की तालुक्यातल्या कुठल्या तरी हायस्कूलच्या पटांगणात विज्ञान प्रदर्शनाचा मांडव पडतो. बाक जोडून त्यांवर चादरी अंथरल्या जातात आणि इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा पुठ्ठ्याचा जेसीबी यंदाही हजर असतो. एका सिरिंजचा दट्ट्या दाबला की सलाइनच्या नळीतल्या रंगीत पाण्यातून दाब दुसऱ्या टोकाला पोचतो आणि सोंड वर उठते. पास्कलचा नियम इतक्या स्वस्तात क्वचितच कोणी दाखवत असेल. तक्रार एवढीच, की हा जेसीबी गेल्या वर्षीही इथेच होता.

मुलांच्या अशा विज्ञान जत्रा अमेरिकेत जुन्या. न्यूयॉर्कमध्ये १९२८ साली एक भरली होती, १९५० मध्ये फिलाडेल्फियात राष्ट्रीय जत्रा झाली. आपल्याकडे आधी आली ती निवड. १९६१ मध्ये एनसीईआरटी ही शालेय शिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिने विज्ञान प्रज्ञाशोध योजना काढली. देशाला शास्त्रज्ञ हवे होते, ते शाळेतच हेरायचे होते. लेखी परीक्षा, मुलाखत आणि सोबत मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल अशी रीत होती. सत्तरच्या दशकात योजना इतर विषयांनाही खुली झाली, नाव बदललं आणि प्रकल्प गळाला. माझ्या मते तिथे काहीतरी मोलाचं हातचं गेलं.

तोवर १९७१ मध्ये मुलांचं पहिलं राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन दिल्लीत भरलं होतं. त्याचाच साचा खाली झिरपला: तालुका, जिल्हा, राज्य. महाराष्ट्रात राज्य पातळीचं काम वर्षानुवर्षं नागपूरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेने पाहिलं. प्राथमिक आणि माध्यमिक गटांबरोबर शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याचा गट असतो, आणि प्रयोगशाळा परिचरांचाही! वर्षभर टेस्ट ट्यूब विसळणाऱ्या माणसाला स्वतःची कल्पना मांडायला टेबल मिळतं, हे मला या साऱ्या व्यवस्थेतलं सगळ्यात सुंदर कलम वाटतं.

मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. लेखीनंतर प्रात्यक्षिक, मग मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प. आता तिचेही क्लास निघालेत. पण प्रात्यक्षिकाच्या टेबलाशी मूल एकटंच उभं असतं, तिथे बाबांनी कापलेला थर्माकोल कामाला येत नाही.

खरा सांधा बदलला तो १९९३ मध्ये, राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने. वय १० ते १७, शाळेचं बंधन नाही आणि मॉडेल मुळी मागितलंच नाही. आपल्या परिसरातला प्रश्न घ्या, मोजमाप करा, नोंदवही ठेवा आणि निष्कर्ष सांगा, एवढीच अट. गावातल्या विहिरींची पाणीपातळी महिनोन्‌महिने टिपणारी मुलं इथे जेसीबीवाल्यांच्या पुढे जाऊ शकत होती.

पुढे केंद्राची इन्स्पायर योजना आली. निवडलेल्या कल्पनेसाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागले. पैसे आले, तसे इंटरनेटवरून तयार किटही टेबलांवर आले. परीक्षक मात्र अजून प्रकल्पाची नोंदवही उघडून पाहतात. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच पेनाची शाई आणि एकही खाडाखोड नाही असं दिसलं, की ते ती हळूच मिटून पुढच्या टेबलाकडे वळतात.