रविवारी कोणाला खेळवायचं? रनिंग बॅकच्या निवडीमागची साठ वर्षं

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत दर रविवारी लाखो माणसं एकाच विवंचनेत असतात. अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा कागदावर संघ बांधायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे, हा फँटसी फुटबॉलचा खेळ. आपल्या संघात रनिंग बॅक चार-पाच आहेत, खेळवायच्या जागा दोन, फार तर फ्लेक्सची, म्हणजे ऐच्छिक, तिसरी. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बेंचवर बसवायचं? बसवलेल्याने दोन टचडाउन मारले, म्हणजे चेंडू दोनदा गोलरेषेपार नेला, तर ती सल मंगळवारपर्यंत जात नाही. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या ऑफिसांत काम करणाऱ्या मराठी मंडळींनाही हे नवं नाही. सहकाऱ्यांच्या लीगमध्ये एकदा नाव घातलं की पहिल्याच हंगामात ही विवंचना गळ्यात पडते.

रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू घेऊन समोरच्या बचावफळीत घुसणारा खेळाडू. फँटसीत त्याचे गुण मैदानावरच्या कामगिरीवरून मोजतात. साधारण प्रथा अशी की दर 10 यार्डांना 1 गुण आणि टचडाउनला 6. हिशोब सोपा आहे. अवघड आहे तो अंदाज, की येत्या रविवारी चेंडू याच्या हातात किती वेळा येणार. हा खेळ जन्मला तेव्हा हे कोडं जवळजवळ नव्हतंच.

1962 मध्ये ओकलंड रेडर्स हा संघ पूर्वेकडच्या दौऱ्यावर होता. तो हंगाम त्यांच्यासाठी भयंकर गेला, 14 पैकी 13 सामने हरले. संघातले एक भागीदार बिल विंकेनबाख, संघाचे प्रसिद्धीप्रमुख बिल टनेल आणि ओकलंड ट्रिब्यूनचे बातमीदार स्कॉटी स्टर्लिंग न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसले आणि त्यांनी नव्या खेळाचे नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1963 मध्ये, ओकलंडला विंकेनबाख यांच्या घरी पहिला ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला. आठ संघ होते. लीगचं नाव ऐटदार होतं : ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग.

त्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी नाव पुकारलं गेलं ते जॉर्ज ब्लांडाचं. तो ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक आणि किकरही, म्हणजे दोन्ही बाजूंनी कमाई. क्लीव्हलंडचा रनिंग बॅक जिम ब्राउन त्याच्या मागे राहिला. त्याच हंगामात ब्राउन 14 सामन्यांत 1,863 यार्ड धावला. मला यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ब्राउन 9 हंगाम खेळला, 118 सामने, आणि एकही चुकला नाही. ज्याच्याकडे ब्राउन होता त्याला रविवारी सकाळी डोकं खाजवायची गरजच नव्हती.

1969 पासून अँडी मूसालिमास यांच्या ओकलंडमधल्या किंग्ज एक्स या बारमध्ये हा खेळ सर्वसामान्य गिऱ्हाइकांपर्यंत पोचला आणि तिथून पसरला. तेव्हा सारा भर टचडाउनवर होता. सोमवारचं वर्तमानपत्र उघडायचं आणि कोणी कितीदा गोलरेषा ओलांडली ते मोजायचं. कागद-पेन्सिलीच्या जमान्यात हेच झेपणारं होतं. पण त्यात एक अन्याय दडला होता. तो पुढे 2004 च्या पहिल्याच आठवड्यात एका सामन्याने इतका लख्ख दाखवला की आजही त्याचा दाखला देतात. पिट्सबर्गचा जेरोम बेटिस त्या दिवशी 5 वेळा चेंडू घेऊन धावला. एकूण यार्ड 1. टचडाउन 3. समोर संघ होता ओकलंड रेडर्स! मैदानभर राबला ड्यूस स्टेली, आणि गोलरेषेजवळ चेंडू आला की धिप्पाड बेटिस आत यायचा. अशा खेळाडूला फँटसीवाले व्हल्चर म्हणतात, दुसऱ्याने केलेल्या शिकारीवर उतरणारं गिधाड. नुसती टचडाउन मोजली तर स्टेलीच्या पदरी काहीच पडत नाही. यार्डांना गुण द्यायची पद्धत रुजली ती ही तूट भरून काढायला. संगणक आल्यावर तर दशांशापर्यंत हिशोब होऊ लागला. 1999 मध्ये याहूने हा खेळ फुकट उपलब्ध करून दिला आणि सोमवारची बेरीज माणसाच्या हातून कायमची सुटली.

दरम्यान 1990 साली एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, प्रत्येक संघाला हंगामात एका आठवड्याची सुट्टी द्यायला सुरुवात केली. त्यामुळे कितीही मोठा खेळाडू असो, त्याच्या जागी निदान एकदा दुसऱ्याला खेळवणं भाग पडलं.

पण खरं कोडं घातलं ते प्रशिक्षकांनी, आणि त्यात पहिलं नाव डेन्व्हरच्या माइक शॅनहान यांचं. त्यांच्या पद्धतीत पुढच्या फळीतले खेळाडू एका लयीत आडवे सरकायचे, आणि फट दिसताच रनिंग बॅकने एकच वळण घेऊन घुसायचं. ही पद्धत एवढी पक्की होती की धावणारा कोण याने फारसा फरक पडेना. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तो) सहाव्या फेरीतून आलेला टेरेल डेव्हिस 1998 मध्ये 2,008 यार्ड धावला. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला, तर ओलँडिस गॅरीने 1,159 यार्ड काढले. 2000 मध्ये मरीन दलातून आलेला नवखा माइक अँडरसन 1,487 वर पोचला. मग क्लिंटन पोर्टिस आला. 2004 ची सुरुवात क्वेंटिन ग्रिफिनने दणक्यात केली, शेवट मात्र रूबेन ड्रॉन्सने 1,240 यार्डांनी केला. फँटसी खेळणाऱ्यांनी यातून एक धडा घेतला : माणसापेक्षा त्याला मिळणारी जागा बघा. मुख्य खेळाडूच्या राखीव जोडीदारालाही आपल्याच संघात बांधून ठेवायची युक्ती, जिला हँडकफ म्हणजे बेडी म्हणतात, ती अशाच वर्षांत शहाणपणाची ठरली.

एकहाती रनिंग बॅकच्या काळाचा कळस मी 2006 मानतो. सॅन डिएगोच्या लाडेनियन टॉमलिन्सनने त्या हंगामात 31 टचडाउन केले. तो ज्याच्या संघात होता, त्याच्या लीगमधल्या बाकीच्यांना ते वर्ष अजून आठवत असेल. त्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनला 416 वेळा चेंडू दिला गेला, हा विक्रम आजही कायम आहे. पुढच्या हंगामात जॉन्सन पायाच्या दुखापतीमुळे 8 च सामने खेळू शकला. एका माणसाच्या शरीरावर एवढा भार टाकण्यात काय धोका आहे, ते संघांना दिसत होतं. शिवाय 1978 मधल्या नियमबदलांनी पासिंग, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेणं, सोपं झालं होतं आणि खेळ त्या बाजूला झुकतच चालला होता. मग काम वाटून दिलं जाऊ लागलं. एक पहिल्या दोन डाउनना (चेंडू पुढे नेण्याच्या प्रयत्नांना), दुसरा पास झेलायला, तिसरा गोलरेषेपाशी. 2023 मध्ये तर संपूर्ण एनएफएलमध्ये एकाही खेळाडूने 300 वेळा चेंडू घेऊन धाव घेतली नाही. हे अनेकांना रुक्ष वाटतं, पण माझ्या मते साप्ताहिक निवडीला खरी खोली याच वाटणीने दिली.

झेललेल्या प्रत्येक चेंडूला 1 गुण द्यायच्या पीपीआर पद्धतीने त्या वाटणीला वेगळंच वजन दिलं. न्यू इंग्लंडच्या जेम्स व्हाइटने 2018 मध्ये 87 पास झेलले. जुन्या हिशोबात तो बेंचवरचा माणूस, नव्या हिशोबात दर आठवड्याचा भरवशाचा. 2019 मध्ये क्रिस्चन मॅककॅफ्रीने 116 झेलले, त्यामुळे टचडाउन-यार्ड बाजूला ठेवले तरी 116 गुण त्याच्या खात्यात होते.

मागच्या रविवारचा आकडा पाहून पुढचा रविवार ठरवू नये, हे ज्याने सर्वांना शिकवलं तो जोनास ग्रे. ऑक्टोबर 2014 पर्यंत तो न्यू इंग्लंडच्या सराव संघात होता. 16 नोव्हेंबरला इंडियानापोलिसविरुद्ध त्याने 37 वेळा धावून 201 यार्ड आणि 4 टचडाउन केले. त्या आठवड्यात लीगा-लीगांत त्याला उचलायला झुंबड उडाली. शुक्रवारी त्याला सकाळी जाग आली नाही आणि तो सरावाला उशिरा पोचला. रविवारी डेट्रॉइटविरुद्ध त्याच्या हातात चेंडू एकदाही आला नाही. त्याच आठवड्यात संघात परतलेल्या लगॅरेट ब्लाउंटने दोन टचडाउन केले. ग्रेला खेळवणाऱ्यांची चूक काय होती? प्रतिस्पर्धी बघितला होता, फॉर्म बघितला होता. न्यू इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या संघात कोणाचीही जागा पक्की नसायची, एवढं एकच लक्षात घ्यायचं राहून गेलं.

आपल्याकडच्या वाचकाला ड्रीम11 माहीत आहे. 2008 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीने क्रिकेटचं फँटसी घराघरांत नेलं. 2025 च्या कायद्याने पैशाच्या स्पर्धा बंद होईपर्यंत त्याचा पसारा अफाट होता. पण तिथे दर सामन्याला नवा संघ बांधता येतो, डोकं लागतं ते कर्णधार निवडताना. अमेरिकेतल्या हंगामभराच्या लीगमध्ये मुख्यतः ऑगस्टमध्ये घेतलेली माणसं घेऊनच संसार करावा लागतो. म्हणून तिथे बेंचवरच्या खेळाडूविषयीही जीव तुटतो.

शेवटचा पेच वेळेचा. खेळाडूचा सामना सुरू झाला की तो लॉक होतो, म्हणजे त्याला आत-बाहेर करता येत नाही. गुरुवारचा सामना, रविवारचे सामने, सोमवार रात्रीचा सामना, प्रत्येकाची वेळ निराळी. दुखापतीच्या यादीत 'क्वेश्चनेबल' लिहिलेला माणूस खेळणार की नाही, ते पक्कं कळतं सामन्याच्या 90 मिनिटं आधी. 9 सप्टेंबर 2024 ला, सोमवारी, सॅन फ्रान्सिस्को 49अर्सचा पहिला सामना सँटा क्लाराला होता, जिथे पहिला ड्राफ्ट झाला त्या ओकलंडच्याच खाडीच्या दक्षिण टोकाला. बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला मॅककॅफ्री खेळणार नाही, हे न खेळणाऱ्यांची यादी आली तेव्हा कळलं. तोवर बाकीच्या संघांचे सामने होऊन गेले होते, त्यांचे रनिंग बॅक लॉक झाले होते. संघाचे प्रशिक्षक होते माइक शॅनहान यांचे चिरंजीव काइल. त्यांनी चेंडू दिला एनएफएलच्या 2022 च्या ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेल्या जॉर्डन मेसनला. मेसन 28 वेळा धावला, 147 यार्ड आणि एक टचडाउन. ज्यांनी ऑगस्टमध्ये त्याला शेवटच्या फेरीत बेडी म्हणून घेऊन ठेवलं होतं, त्यांनी त्या दीड तासात फोन उघडून त्याला बेंचवरून आत आणलं.