वडिलांच्या नावची बंदूक: वारसाने परवाना आणि खासगी विक्री, कोल्हापूर जिल्ह्यासाठी माहिती

घरातला कर्ता माणूस गेला की सातबाऱ्यावर वारस लावायची धावपळ सुरू होते. बँकेचं खातं, गॅसची जोडणी, साखर कारखान्याचा शेअर, सगळं रीतसर नावावर होतं. माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलेली बारा बोअर मात्र तिथंच राहते. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडच्या घरांत हे मी पाहिलंय. विचारलं तर उत्तर एकच, "वडिलांचा परवाना हाय की."

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. तो माणूस गेला की घरातली बंदूक बिनपरवाना ठरते. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदूक बाळगण्याला कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 5 वर्षांची कैद आहे. दुःखात असलेल्या घरावर ही वेळ येऊ नये, म्हणून ही माहिती.

आधी जमा, मग अर्ज

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे अशी बंदूक विनाकारण वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असते. नेण्याआधी ठाण्यात फोन करून कल्पना द्या. नळ्या उघडून आत काडतूस नाही ना ते जाणकार माणसाकडून बघून घ्या. काडतुसं मोजून वेगळ्या पिशवीत ठेवा. सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं मूळ पुस्तक असू द्या.

जमा केली म्हणजे बंदूक गेली, असं नाही. तुम्हाला परवाना मिळाला तर ती परत मिळते, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्याला विकता येते. पण ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून पोच घ्याच, आणि त्या पोचेवर बंदूक कुणी बनवली, बोअर (नळीचं माप), शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या.

क्रमांकाबद्दल कळकळीनं सांगतो. आमच्या चुलत्यांची डबल बार (दोन नळ्यांची बंदूक) जमा करायच्या आदल्या रात्री आम्ही फडक्याला खोबरेल लावून तिच्यावरचा गंज पुसला आणि भिंग धरून आकडे वाचले. बंदुकीवर शेवटचा आकडा 3 होता, पुस्तकात 8. कधीतरी नूतनीकरणाच्या वेळी हातानं उतरवताना तो बदलला होता. आम्ही फोटो काढले, जुनी पानं शोधली, एका जुन्या नोंदीत 3 सापडला, आणि अर्जासोबत तसं लेखी दिलं. हे आधी लक्षात आलं नसतं तर कागदावर एक बंदूक आणि हातात दुसरीच, असा अर्थ निघाला असता. तेव्हा पुस्तकावर विसंबू नका, बंदुकीवरचा क्रमांक स्वतः वाचा.

वारसाचा अर्ज

कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. अर्ज राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीच्या संकेतस्थळावर भरायचा आणि त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. परवानाधारकाला एक युनिक ओळख क्रमांक मिळतो, ज्याला सगळे यूआयएन म्हणतात. वडिलांच्या परवान्यावर तो आहे का, हे पहिल्याच फेरीत विचारा.

शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाला परवाना देण्याची सोय आहे. नवरा-बायको, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाऊ, बहीण हे त्यात येतात. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण परवानाधारक हयात असतानाही हे करता येतं: त्यांचं वय 70 झालं किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा ते स्वतः वारस सुचवू शकतात. घरात सत्तरी ओलांडलेले वडील असतील तर हेच करा. त्यांची सही असताना जे सरळ होतं, त्यासाठी नंतर तीन भावंडांची प्रतिज्ञापत्रं गोळा करावी लागतात.

वारस आहे म्हणून परवाना आपोआप मिळत नाही. वय 21 पूर्ण हवं, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, मानसिक स्थिती ठीक हवी. कागदपत्रांत पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, शारीरिक-मानसिक आरोग्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद, बाकीच्या वारसांची ना हरकत, मूळ परवाना आणि जमा केल्याची पोच लागते. शस्त्र सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. हे ओझं समजू नका. ज्या हातांनी आयुष्यात बंदूक धरली नाही, त्यांच्या घरात लहान पोरं असतात.

पोलीस चौकशीत तुम्ही बंदूक कुठं ठेवणार हेही बघितलं जातं. एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारसाने आलेलं शस्त्र यातच धरलं जातं. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर तिसरं विकावं लागेल. परवान्याची मुदत आता 5 वर्षं आहे. नकार आला तर कारणं लेखी मागा, कलम 18 खाली अपील करता येतं.

विकायची असेल तर

व्यवहार परस्पर, तालमीतल्या ओळखीवर किंवा बाजाराच्या दिवशी हातावर पैसे ठेवून होत नाही. कलम 5 प्रमाणे विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना हवाच.

45 दिवस लोकांना जाचक वाटतात. मला ते योग्य वाटतात. अमेरिकेत या मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय, कारण तिथं विक्रेत्याच्या दुकानातून घेतली तर चौकशी होते, पण एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांत विक्री झाली तर केंद्राचा कायदा ती चौकशी सक्तीची करत नाही. बंदुकांची देशव्यापी नोंदवही ठेवायलाही 1986 च्या कायद्यानं मनाई आहे. आपल्याकडे बंदूक कुणाकडून कुणाकडे गेली हे कागदावर दिसतं. ही साखळी आपल्या आळसानं तुटू नये.

शेतीसाठी ठासणीची बंदूक असणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. गवा किंवा रानडुक्कर उसात शिरलं तरी त्याला मारण्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. वरातीत हवेत बार काढणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

विक्री झाली की ते शस्त्र जुन्या परवान्यावरून आणि ऑनलाइन नोंदीतून कमी झालं का, हे कार्यालयात जाऊन बघा आणि त्याची प्रत घ्या. आमच्या चुलत्यांची डबल बार शेवटी विक्रेत्याकडे गेली. तिची नोंद काटलेलं पान चुलतभावानं सातबाऱ्याच्या फायलीतच लावून ठेवलंय.