पायी गस्त (सोलापूर)

पायी गस्त (सोलापूर) : पोलीस अंमलदाराने नेमून दिलेल्या हद्दीत ठरलेल्या वेळी पायी फिरून ठेवलेली पाळत. चौकात उभे राहून केलेली नाकाबंदी, सणासुदीचा बंदोबस्त आणि सशस्त्र तुकडीचे पथसंचलन यांचा तीत समावेश होत नाही. रोजच्या बोलण्यात मात्र या सर्वांना सरसकट गस्तच म्हणतात, आणि म्हणून तिच्या उपयोगाविषयी वाद घालणारे दोघे पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. सोलापुरातील चर्चेत दोन प्रश्न गुंतलेले आहेत : पायी गस्तीने गुन्हे खरोखर घटतात काय, आणि तिला लागणारी माणसे व पैसा कोणी पुरवायचा. पहिल्या प्रश्नावर परदेशांतील प्रयोगांच्या आधारे बरेच लिहिले गेले आहे. दुसऱ्याकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. सोलापूरच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

उगम : शहरी गस्त कोठून आली याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे ती गावगाड्यातील पहाऱ्याचेच पुढचे रूप होय. पाटलाच्या हाताखालचे जागले आणि रामोशी रात्री गावाभोवती फिरत, परक्या माणसाची खबर पाटलाला देत आणि चोरी झाल्यास पावलांचा माग काढीत. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की जबाबदारीही त्या गावाकडे जाई. मोठ्या शहरांत हेच काम कोतवालीकडे असे. पुण्यात कोतवाली १७६४ च्या सुमारास, थोरल्या माधवरावांच्या काळात उभी राहिली. रात्रीची तोफ झाल्यावर विनाकारण रस्त्यावर सापडणाऱ्यास चौकीत बसवून ठेवीत. सोलापूरचा किल्ला मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेल्यानंतरही दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने तेथील गावपोलिसांची व्यवस्था एकदम मोडली नाही. पुढे १८६७ मध्ये मुंबई इलाख्यातील गावपोलिसांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. परंपरा अखंड राहिली असे मानणारे अभ्यासक या दोन गोष्टींवर विशेष भर देतात.

दुसरे मत असे, की आजच्या गस्तीचा जागल्याशी संबंध फक्त वरवरचा आहे. सिंध जिंकणारा इंग्रज सेनापती नेपियर याने १८४३ नंतर तेथे आयरिश धर्तीवर लष्करी शिस्तीचे पोलीस दल उभारले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांना ही घडी पसंत पडली आणि १८५२–५३ च्या सुमारास इलाख्यातील जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक नेमले जाऊ लागले. मात्र सिंधी नमुना हा दंगल मोडणारा, ठाण्यात एकत्र राहणारा, हुकमाची वाट पाहणारा होता. त्यात एकट्या शिपायाने गल्लीबोळ फिरण्याला फारशी जागा नव्हती. तो भाग लंडनकडून आला असे मानावे लागते. लंडनचे महानगर पोलीस १८२९ मध्ये स्थापन झाले, त्यांनी शहराचे बीट, म्हणजे एकेका शिपायाने फिरण्याचे ठरावीक भाग, पाडले आणि शिपायाने ताशी सुमारे अडीच मैलांच्या संथ चालीने आपले बीट पुन्हापुन्हा फिरावे असा दंडक घातला.

दोन्ही मतांना आधार आहे. तथापि दुसरे अधिक ग्राह्य वाटते. जागल्याचा मोबदला गाव देई, बलुत्यातून किंवा वतनातून, आणि चोरीचा तपास न लागल्यास भरपाईची जबाबदारीही पुष्कळ ठिकाणी गावपहाऱ्यावर येई. शिपाई सरकारी पगारावर आहे आणि सरकारलाच जबाबदार आहे. चालण्याची पद्धत लंडनची, शिस्त सिंधची, आणि लोकांची अपेक्षा मात्र अजूनही जागल्याकडून असते तशी, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे. ‘आमच्या गल्लीचा पोलीस’ या शब्दांत जी आपुलकीची मागणी असते ती कायद्यात कोठे लिहिलेली नाही, तरी ती रास्त आहे.

वसाहत आणि हजेरी : सोलापूरच्या बाबतीत आणखी एका धाग्याची नोंद आवश्यक आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात राबविला गेला आणि सोलापूरलगत तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. लोक तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. तेथील स्त्री-पुरुष शहरातील कापडगिरण्यांत कामाला जात आणि परत येऊन हजेरी देत. रात्री माणूस आपल्या जागी आहे की नाही हे पाहणे हा त्या काळच्या पोलिसी फेरीचा मोठा भाग होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. तथापि संशयाची सवय कायद्याबरोबर संपली नाही. कायदा रद्द झाल्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांनाही रात्रीची गस्त म्हणजे दारावरची थाप अशीच माहीत आहे. पायी गस्त वाढवा अशी मागणी करताना ती सर्व वस्त्यांना सारखीच दिलासा देते असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे (१९५१) कलम १२२ या संदर्भात पाहण्यासारखे आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत, तोंड झाकून किंवा घरफोडीचे साहित्य घेऊन आढळणाऱ्यावर या कलमाखाली कारवाई होते. रात्रगस्तीत दाखल होणाऱ्या प्रकरणांत हे कलम नेहमी दिसते. संशयास्पद कोण हे प्रत्यक्षात चालणारा अंमलदारच ठरवतो. म्हणून तो त्या भागातील माणसे ओळखणारा आहे की नुकताच बदलून आलेला, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

१९३० : मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात, ८ मे १९३० च्या गोळीबारानंतर जमाव उसळला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली गेली आणि पोलीस शहराबाहेर काढले गेले. लष्करी कायदा पुकारला जाईपर्यंतचे हे दिवस काही लेखनात तीन, तर काहींत चार असे मोजलेले आढळतात. या काळात काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पहारा दिला व रहदारी सांभाळली. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. पोलिसांवाचून शहर चालले याचा दाखला म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. अशा असाधारण दिवसांवरून रोजच्या गस्तीविषयी अनुमान काढता येणार नाही. पेठांच्या स्मरणात मात्र चौकी ही परक्या सत्तेची खूण म्हणूनही राहिली, एवढे निश्चित.

हद्दवाढ : १९९२ मध्ये दोन बदल झाले. महानगरपालिकेची हद्द सुमारे ३३ चौ. किमी. वरून सुमारे १७८ चौ. किमी. झाली आणि शहरासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले. उर्वरित जिल्हा ग्रामीण पोलिसांकडे राहिला. फौजदार चावडी, जेलरोड, जोडभावी पेठ, सदर बझार, विजापूर नाका, एमआयडीसी आणि सलगर वस्ती या ठाण्यांच्या हद्दी एकमेकींपासून फार भिन्न आहेत. बाळीवेस, मधला मारुती, टिळक चौक हा भाग पायी तासाभरात पालथा घालता येतो. जुळे सोलापूर किंवा हद्दवाढ भागातील विरळ वस्तीत त्याच वेळात चार कॉलन्याही होत नाहीत. त्यामुळे बीट मार्शलच्या दुचाकी आल्या, आणि २०२१ पासून ११२ क्रमांकावरील हाकेला किती मिनिटांत गाडी पोचली हे मोजले जाऊ लागले. हाकेला लवकर धावून जाणे गरजेचेच आहे. परंतु जे मोजले जाते त्याकडे माणसे वळतात, आणि हाक येण्यापूर्वीची फेरी मागे पडते.

निधी : पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे. शिपायाचा पगार राज्याच्या गृह विभागाच्या तरतुदीतून येतो. महापालिकेला आपल्या पैशाने बीटवर शिपाई नेमता येत नाही. केंद्राची पोलीस आधुनिकीकरण योजना १९६९–७० पासून चालू आहे. तिचा भर वाहने, शस्त्रे, दळणवळण, न्यायवैद्यक साधने यांवर आहे. जिल्हा नियोजन समितीकडून गाड्या व कॅमेरे मिळू शकतात. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाल्यावर कॅमेऱ्यांची चर्चा आणखी वाढली. या सर्व वाटा वस्तू विकत घेण्याच्या आहेत. पायी गस्तीला वस्तू जवळजवळ लागतच नाहीत. काठी, शिट्टी, विजेरी आणि बिनतारी संच एवढे पुरते. तिला लागतात माणसाचे तास, आणि त्यांच्यासाठी वेगळा निधी नसतो. सोलापुरातील वादाचे मूळ येथे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दरवर्षी ‘निधी आला’ आणि ‘गस्त दिसत नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात.

तासांचा हिशेब साधा आहे. एका बीटवर चोवीस तास एक माणूस ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. आठ तासांची पाळी व एक साप्ताहिक सुटी धरल्यास त्यासाठी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, न्यायालयातील साक्ष व प्रशिक्षण धरल्यास चारहून अधिक. बारा तासांच्या पाळीत हे काम कमी माणसांत भागते, पण ते शिपायाच्या शरीरावर भागते. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाल्यानंतर ही मागणी सर्वत्र होऊ लागली, आणि ती न्याय्य आहे. गस्त वाढवा म्हणणाऱ्या नागरिकांनी शिपायाचे तास कमी करा हेही त्याच दमात म्हटले पाहिजे. अन्यथा मिळणारी गस्त झोपेने डोळे मिटत चाललेली असेल. त्यात जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा व नंदीध्वजांची मिरवणूक, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, पुढे गणेशोत्सव, नवरात्र आणि अधूनमधून मंत्र्यांचे दौरे. बंदोबस्त लागला की सर्वांत आधी बीटवरचा माणूस काढला जातो.

इतरत्र याची तजवीज वेगळी झाली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९७३ च्या कायद्यान्वये शहरांना पायी गस्तीसाठीच पैसा दिला. मिशिगनमधील फ्लिंट शहरात १९७९ मध्ये एका दानसंस्थेच्या मदतीने प्रयोग सुरू झाला आणि १९८२ मध्ये, मोटार कारखान्यांत मंदी असताना, मतदारांनी गस्त चालू राहावी म्हणून वाढीव कर मान्य केला. सोलापूरकरांना अशा मतदानाची वाटच उपलब्ध नाही.

परिणामकारकता : कॅन्सस सिटीत १९७२–७३ मध्ये पंधरा बीटांवर मोटारगस्त कमीजास्त करून पाहिली असता गुन्ह्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. नेवार्क येथे १९७८–७९ मध्ये पायी गस्तीची चाचणी झाली. तीतही गुन्हे घटले नाहीत, परंतु रहिवाशांची भीती कमी झाली व पोलिसांविषयीचे मत सुधारले. या निष्कर्षामुळे बराच काळ पायी गस्त म्हणजे केवळ मनाचे समाधान असे समजले गेले. भीती कमी होणे ही क्षुल्लक गोष्ट मानणाऱ्यांनी दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी येणाऱ्या बाईला विचारावे.

पुढील प्रयोगांनी चित्र बदलले. फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात हिंसक गुन्ह्यांची १२० ठिकाणे निवडून त्यांपैकी ६० ठिकाणी जोडीने पायी गस्त ठेवली. तेथे हिंसक गुन्हे सुमारे २३ टक्क्यांनी घटले. ९० गुन्हे टळले, परंतु सुमारे ३७ आसपास सरकले, म्हणजे निव्वळ फायदा ५३ चा, असे संशोधकांनीच नोंदविले. गस्त उठल्यावर परिणामही ओसरला. इंग्लंडमधील पीटरबरो येथे अटकेचे अधिकार नसलेल्या गणवेशधारी साहाय्यकांनी दिवसातून तीन वेळा सुमारे पंधरा मिनिटे ठरावीक ठिकाणी फिरून पाहिले. तेथेही बळी पडलेल्यांच्या तक्रारी सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्या. सारांश, सर्वत्र थोडे फिरण्यापेक्षा मोजक्या ठिकाणी वारंवार फिरणे उपयोगी पडते. हे आकडे सोलापूरला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. फिलाडेल्फियातील मोजणी खून, गंभीर हल्ले व लुटीची होती; येथील तक्रारी घरफोडी, मंगळसूत्र हिसकावणे, दुचाकीची चोरी आणि छेडछाड यांच्या आहेत. बंद घराच्या मागच्या दाराने होणारी घरफोडी रस्त्यावरून चालणाऱ्याला दिसत नाही. हिसकावणे व छेडछाड मात्र ठरावीक बसथांब्यांवर, ठरावीक वेळी होते, आणि तेथे पायी गस्तीचा उपयोग होण्याचा संभव जास्त.

पूर्व भाग : साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ या भागांत यंत्रमागांची खटखट रात्रीही चालू असते. अशा बोळात दहा पावलांवरची हाक ऐकू येत नाही. गस्तीच्या माणसाला कानावर विसंबून भागत नाही, दुकानांच्या शटरची कुलुपे हाताने ओढून पाहावी लागतात आणि मागवाल्यांशी थांबून बोलावे लागते. चारचाकी येथे शिरत नाही. बोलणे तेलुगूत, पलीकडच्या गल्लीत कन्नडमध्ये किंवा दख्खनी उर्दूत. ही भाषा आणि या ओळखी अंगवळणी पडायला काळ लागतो. कायद्यात शिपाई वर्गासाठी एका ठिकाणच्या नेमणुकीचा सर्वसाधारण काळ पाच वर्षे धरला असला, तरी ठाण्यातल्या ठाण्यात बीट बदलायला वेळ लागत नाही. गस्तीची नोंद पूर्वी बँकेच्या, मंदिराच्या दारातील भेट पुस्तिकेत सही करून होई. आता अनेक शहरांत खांबावरचे चिन्ह मोबाइलने टिपले जाते. त्यातून अंमलदार तेथे पोचला हे सिद्ध होते. तो कोणाशी बोलला, हे पुस्तिकेतही नव्हते आणि मोबाइलमध्येही नाही.

खासगी पहारा : बंगल्यांच्या व नव्या कॉलन्यांत घरटी महिन्याला वर्गणी काढून गुरखा ठेवण्याची पद्धत आहे. ज्यांना परवडते त्यांनी विकत घेतलेली ही पायी गस्तच होय. विडी कामगारांच्या व मागवाल्यांच्या वस्त्यांना ती परवडत नाही. गुरख्याला पोलिसाचे कोणतेही अधिकार नसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणाही नागरिकाला पकडता येते, तेवढेच त्यालाही करता येते, आणि पकडलेल्या इसमास विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते.