पार्श्वभूमी : प्रीमियमचा घोळ

सोलापुरात प्रीमियम म्हटलं की विम्याचा हप्ता. त्यामुळे पूर्व भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला ‘प्रीमियमवर कर’ लागल्याची बातमी फिरली, तेव्हा काही कारखानदारांनी आधी आपल्या विमा एजंटाला फोन लावला होता. त्या कंपनीचा संस्थापक आता इथल्या नव्या कंपन्यांमध्ये पैसे घालतो. ‘स्वतःची विकून मोकळा झाला आणि आता दुसऱ्यांना शिकवतो’ असं त्याच्याबद्दल बोललं जातं. तो मोकळा झाला की त्याला केलं गेलं, हा वाद मुळात त्या प्रीमियमचा आहे.

१८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, पुढे बंद पडत गेलेल्या गिरण्या, हातमागाच्या जागी आलेले यंत्रमाग, चादरीच्या जोडीला आलेला टॉवेल हे सगळं सोलापूरकरांना पाठ आहे. संस्थापकाच्या घरी आठ माग होते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, मग पुण्यात इंजिनिअरिंग आणि तिथेच नोकरी. सुट्टीच्या दिवशी वडिलांची लाल वही भरायचं काम त्याच्याकडे असे. कोणत्या मागावर कोणतं बीम चढलं, किती डझन टॉवेल उतरले, कोणत्या कामगाराची उचल किती बाकी आहे, हे सगळं त्या वहीत. तीच वही त्याने मोबाइलवर आणली आणि नोकरी सोडली.

सुरुवातीला कोणी विचारलं नाही. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत आठवड्याचा रोख पगार अडकला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. चिठ्ठीवर चालणाऱ्या धंद्याला पक्कं बिल लागू लागलं. तेव्हा मात्र याच्या दाराशी चपला दिसू लागल्या.

घोळ त्याआधीचा, २०१५ सालचा आहे. दोन सूत व्यापारी आणि त्याचा पुण्यातला जुना साहेब, अशा तिघांनी मिळून कंपनीत २० लाख रुपये घातले. शेअरची दर्शनी किंमत १० रुपये, पण त्यांना २,००० शेअर दिले ते प्रत्येकी १,००० रुपयांनी. वरचे ९९० म्हणजे प्रीमियम. त्यात गैर काही नव्हतं, भाव पुढच्या कमाईच्या अंदाजावर ठरला होता. पण २०१२ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्याच्या कलम ५६ मध्ये एक पोटकलम घातलं होतं. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीने वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर विकला, तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरायची. काळा पैसा शेअरच्या वाटेने पांढरा होऊ नये, हा हेतू. नव्या कंपनीत सुरुवातीलाच स्वतःचे पैसे घालणाऱ्याला एंजल म्हणतात, म्हणून लोकांनी त्याला ‘एंजल टॅक्स’ नाव दिलं. कायद्यात मात्र एंजल हा शब्दच नाही.

तरतूद फक्त देशातल्या रहिवाशांच्या पैशाला लागू होती. म्हणजे सिंगापूरहून आलेला पैसा चालणार आणि अक्कलकोट रोडवरच्या सूत व्यापाऱ्याचा पैसा तपासला जाणार. (२०२३ मध्ये हा भेद मिटवला, तो परदेशी पैशालाही कर लावून.)

डिसेंबर २०१८ मध्ये आदेश आला. अधिकाऱ्याने भविष्याचा अंदाज बाजूला सारला आणि पुस्तकी मालमत्ता मोजली : दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, टेबलखुर्च्या आणि बँकेतली शिल्लक. शेअरचं मूल्य निघालं ४० रुपये. उरलेले ९६० गुणिले २,०००, म्हणजे १९ लाख २० हजार उत्पन्न. त्यावर ३०.९ टक्क्यांनी सुमारे ५ लाख ९३ हजार कर, व्याज वेगळं. मूल्यांकनाची पद्धत निवडायचा हक्क कंपनीचा आहे, असं उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं होतं. त्याचा इथे उपयोग झाला नाही. मे २०१८ पासून तर असं भविष्यावरचं मूल्यांकन द्यायचा सीएंचा अधिकारच काढून घेतला होता. म्हणजे नव्या शेअरसाठी दाखला हवा, तर असा दाखला देऊ शकणारा मर्चंट बँकर शोधत पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडा.

जानेवारी २०१९ मध्ये त्याने कंपनी पुण्याच्या एका कंपनीला विकली. टीकाकारांचा हिशेब सोपा आहे : अपील करून साधारण वीस टक्के, म्हणजे १ लाख १९ हजार भरले असते तर वसुली थांबली असती, तेवढ्यासाठी कोणी कंपनी विकतं का? आकडा बरोबर आहे. पण नोटीस फक्त कंपनीला नव्हती. पैसा कुठून आणला, हे त्या दोन व्यापाऱ्यांनाही विचारलं गेलं. ज्या पेठेत उधारी शब्दावर चालते, तिथे ‘तुमच्यामुळे आमच्या वह्या उघडल्या’ हे ऐकून घेणं १ लाख १९ हजारांत बसत नाही. शिवाय विक्रीची बोलणी आधीच सुरू होती, हेही खरं.

१९ फेब्रुवारी २०१९ ला सवलत जाहीर झाली. मान्यताप्राप्त स्टार्टअपला २५ कोटींपर्यंत सूट, पण सात वर्षं १० लाखांवरची गाडी, विमान किंवा यॉट (चैनीची बोट) घ्यायची नाही. तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराला यॉटची बंदी! ज्यांचे आदेश आधीच निघाले होते ते या सवलतीबाहेर राहिले. ऑगस्टमध्ये त्यांनाही आत घेतलं. तोवर इथल्या दारावरची पाटी उतरली होती.

त्यानंतरची त्याची गुंतवणूक याच अनुभवातून आलेली दिसते. रक्कम लहान, कंपनीचा पत्ता सोलापूरचाच, आणि शेअरचा भाव इतकाच का, हे संस्थापकाने एका पानावर स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ही तरतूद २०२५-२६ या कर निर्धारण वर्षापासून (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नापासून) रद्द केली, तरी ते पान तो अजून मागतो. जुन्या वर्षांच्या प्रकरणांना हा बदल लागू नाही.

दोघा सूत व्यापाऱ्यांपैकी एकाने गेल्या वर्षी त्याच्याबरोबर पुन्हा पैसे घातले. दुसरा लग्नाकार्यात भेटला की घरच्यांची चौकशी करतो, धंद्याचा विषय काढत नाही.